भरवशाचा परीट ते भरवशाचे यंत्र

दसरा-दिवाळीच्या सुमारास मराठी मध्यमवर्गीय घरात एक प्रश्न हमखास निघतो. कपडे धुण्याचे यंत्र कोणते घ्यावे? किंमत, आकार, रंग ही चर्चा होते. पण शेवटी सगळे एका शब्दापाशी येऊन थांबतात, तो शब्द म्हणजे ‘भरवशाचे’. या प्रश्नाचे उत्तर आपण एखाद्या कंपनीच्या नावात शोधतो. घरगुती वस्तूंचा इतिहास अभ्यासताना मला मात्र असे दिसत गेले की, धुण्याच्या बाबतीत भरवसा ही गोष्ट यंत्राच्या कितीतरी आधीची आहे. तेव्हा ती माणसावर होती. ती माणसाकडून यंत्राकडे कशी गेली आणि जाताना वाटेत काय सांडले, याचा हा मागोवा आहे.

बिब्ब्याची खूण

परीट हा गावगाड्यातला बलुतेदार. घरचे रोजचे धुणे नदीवर, विहिरीवर किंवा वाड्याच्या चौकात बायकाच धूत. परटाकडे जायचे ते जड कपडे, पांढरे कपडे, सणासमारंभाचे कपडे आणि सोयर-सुतकातले, विटाळाचे मानलेले कपडे. तो ते पापडखारात भिजवी, भट्टी लावी, दगडावर आपटी, खळ आणि नीळ देई. अनेक घरांचे कपडे एकाच भट्टीत जात, तरी ज्याचे त्याला परत मिळत. कारण प्रत्येक कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याच्या काळ्या रसाने घराची खूण केलेली असे. हा रस धुऊन जात नाही. इंग्रजांनी बिब्ब्याला नाव दिले तेही ‘खूण करण्याचे फळ’ अशाच अर्थाचे.

ती खूण म्हणजे परटाची हमी होती. कपडा हरवला, फाटला, त्यावर डाग राहिला तर कोणाला विचारायचे हे ठरलेले होते. १८९०च्या सुमारास मुंबईत महालक्ष्मीचा धोबीघाट बांधला गेला, तेव्हा हीच पद्धत शहराच्या मापाने मोठी झाली. रांगेने सिमेंटच्या टाक्या, दगड, वाळत घालायच्या दोऱ्या आणि प्रत्येक कपड्यावर खूण.

या भरवशाला दुसरी बाजूही होती आणि ती झाकून चालणार नाही. तो एकतर्फी होता. परटाने चुकू नये ही अपेक्षा पक्की होती. परटाला बलुते वेळेवर आणि पुरेसे मिळेल याची खात्री तितकी पक्की नव्हती. लोकांचा मळ धुणारा जातीच्या उतरंडीत मात्र खाली ठेवलेला होता. १८७६ साली विदर्भात परीट कुटुंबात जन्मलेल्या डेबूजीने, म्हणजे गाडगे महाराजांनी, हातात खराटा घेऊन गावे झाडली आणि झाडता झाडता लोकांच्या मनातला मळही दाखवला, हे या पार्श्वभूमीवर वाचायला हवे.

यंत्राचे घराणे

युरोपात कपडे धुण्याच्या यंत्राची धडपड जुनी आहे. १७६७ साली याकोब ख्रिस्टियान शेफर या जर्मन धर्मोपदेशक-शास्त्रज्ञाने अशा यंत्राची रचना प्रसिद्ध केली. १७८२ साली हेन्री सिजियरने इंग्लंडमध्ये फिरत्या पिंपाचे पेटंट घेतले. पण ही यंत्रे हातानेच फिरवायची. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात शिकागोच्या हर्ली कंपनीचे ‘थॉर’ बाजारात आले आणि पिंपाला विजेची मोटर जोडली गेली. पाणी भरणे, काढणे आणि कपडे रुळांतून पिळणे मात्र बाईच्याच हाती राहिले.

१९३७ साली अमेरिकेत बेंडिक्स कंपनीने धुणे, खळबळणे आणि पिळणे एकापाठोपाठ आपोआप करणारे यंत्र दाखवले. ते पिळताना इतके हादरे की जमिनीला बोल्टने जखडावे लागे. जाहिरातीत जे ‘आपोआप’ होते, त्यासाठी घराची जमीन आधी तयार करावी लागत होती. यंत्र चांगले की वाईट हे ते कोणत्या घरात उभे राहते यावरही ठरते, हा धडा तेव्हापासूनचा आहे.

पुढचा धडा इतिहासकार रूथ श्वार्ट्झ कोवन यांनी १९८३च्या आपल्या ग्रंथात दिला. त्यांनी दाखवले की यंत्रे आली तरी अमेरिकन गृहिणीचे कामाचे तास अपेक्षेइतके घटले नाहीत. पूर्वी जे धुणे बाहेर लाँड्रीत जात होते, ते यंत्रामुळे घरात परत आले. स्वच्छतेची अपेक्षाही वाढली. आठवड्याने बदलायचा कपडा रोज बदलला जाऊ लागला. कष्ट हलके झाले, हे खरेच. पण काम मोकळे झाले नाही.

जपानी धागा

आपल्याकडे आलेले यंत्र मात्र थेट अमेरिकन घराण्यातले नव्हे. अमेरिकन यंत्रात मध्यभागी उंच दांडा कपडे घुसळतो. युरोपातले यंत्र आडव्या पिंपात कपडे उचलून आपटते. जपानमध्ये सान्यो कंपनीने १९५३ साली फिरत्या चकतीने पाण्याचा भोवरा करणारे लहान, स्वस्त यंत्र आणले. त्या दशकात दूरचित्रवाणी संच, शीतकपाट आणि हे यंत्र यांना जपानी लोक गमतीने ‘तीन पवित्र रत्ने’ म्हणत. पुढे त्याला शेजारी पिळण्याचे दुसरे पिंप जोडले गेले. आपल्या सेमी-ऑटोमॅटिक यंत्राचे मूळ या जोडपिंपात आहे.

१९८०च्या दशकाच्या अखेरीस औरंगाबादच्या व्हिडिओकॉनने दूरदर्शनवरच्या जाहिरातींतून असे यंत्र घरोघरी परिचित केले. गोव्यात कारखाना असलेल्या आयएफबीने युरोपीय वळणाचे, समोरून कपडे घालायचे यंत्र रुजवले. नंतरच्या दशकात कोरियन कंपन्या आल्या आणि दुकानातली रांग लांबली.

सेमी-ऑटोमॅटिकला आज गरिबाचे किंवा मागासलेले यंत्र समजतात. मला ते तसे वाटत नाही. दिवसातून तासभर नळ येणाऱ्या गावात ते बादलीने भरता येते. मधेच वीज गेली तर झाकण उघडून कपडे हाताने खळबळता येतात. पांढऱ्या कपड्यांचे साबणाचे पाणी पुढे रंगीत कपड्यांना, मग पायपुसण्यांना वापरता येते. भारनियमन आणि टँकर या दोन्हींशी घर चालवणाऱ्या बाईने हे यंत्र निवडले, तेव्हा तिने विचार करूनच निवडले होते.

बिघडते काय?

दुकानात ‘मोटरवर दहा वर्षांची हमी’ ठळक अक्षरात लिहिलेली असते. पण दुरुस्ती करणाऱ्या कारागिरांशी बोलल्यावर कळते की मोटर क्वचितच जाते. जातो तो पाणी आत घेणारा व्हॉल्व्ह, कारण जाळीत गाळ अडकतो. जातो पाणी बाहेर टाकणारा पंप, कारण खिशातले नाणे, पिन नाहीतर लहान मोजा त्यात जाऊन बसतो. दारावरचे रबर काळे पडते आणि फाटते. विजेच्या चढउताराने नियंत्रण पट्टी जळते. सर्वांत महागडा घाव बेअरिंगचा. सील झिजते, पाणी आत शिरते आणि पिळताना विमानासारखा आवाज येऊ लागतो. बाहेरचे पिंप खिळ्या-स्क्रूने जोडलेले असेल तर ते उघडून बेअरिंग बदलता येते. ते प्लॅस्टिक वितळवून कायमचे सांधलेले असेल तर सबंध पिंपच बदलावे लागते. तो खर्च ऐकून बहुतेक जण नवे यंत्र घेतात.

पाण्याचा विचार तर आपण करतच नाही. दख्खनच्या काळ्या पाषाणातल्या बोअरवेलचे पाणी पुष्कळ ठिकाणी जड असते. त्याचा थर तापकावर बसतो, साबण जास्त लागतो आणि जास्त साबणाचा चिकटा पिंपामागे साचतो. दाबाचेही तसेच. पाण्याच्या दहा मीटर उंचीने साधारण एक बार दाब मिळतो. गच्चीवरच्या टाकीखाली लगेच असलेल्या मजल्यावर तो जेमतेम तीन दशांश असतो. पूर्ण स्वयंचलित यंत्र तिथे पाण्याची वाट पाहत थांबते आणि चूक दाखवते. दोष यंत्राचा नसतो, पण भरवसा यंत्रावरचाच उडतो.

म्हणून माझा क्रम असा आहे. आधी आपले पाणी पाहावे, जडपणा आणि दाब दोन्ही. मग वीज. मग आपल्या गावात त्या यंत्राचे सुटे भाग ठेवणारा कारागीर आहे का, हे विचारावे आणि पिंप उघडते का, हेही त्यालाच विचारावे, विक्रेत्याला नव्हे. बटणे जितकी कमी तितके बरे, कारण पंधरापैकी तीनच कार्यक्रम घरात वापरले जातात. कंपनीचे नाव या सगळ्यानंतर.

धुणे कोणाचे?

या इतिहासात एक व्यक्ती कायम कडेला उभी आहे, ती म्हणजे धुणे-भांडी करणारी बाई. शहरात परटाकडचे काम कमी झाले तसे ते मोलकरणीकडे आले. १९८० साली पुण्यात मोलकरणींनी संप केला आणि त्यातून पुणे शहर मोलकरीण संघटना उभी राहिली. घरेलू कामगारांसाठी कल्याण मंडळ स्थापन करणारा राज्याचा कायदा २००८ साली झाला. धुणे, भांडी, केर-फरशी असा प्रत्येक कामाचा वेगळा दर असतो. यंत्र घरात आले की धुण्याचा दर तुटतो. मात्र कपडे वाळत घालणे, काढणे आणि घड्या करणे हे बऱ्याचदा ‘जाता जाता’ तिच्याचकडे राहते. नवीन यंत्राचा हिशेब मांडताना आपण वीज आणि साबण धरतो, ही ओळ गाळतो. ती धरली पाहिजे. कामाचे रूप बदलले तर दर पुन्हा बोलून ठरवावा, परस्पर कापू नये.

आणि घरातल्यांचे काय? बटण दाबायला ना ताकद लागते ना वय. तरीही बहुतेक घरांत ते एकच हात दाबतो. नदीवरच्या दगडापासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यापर्यंत धुण्याची जागा बदलत आली. ते काम कोणाचे, हे मात्र फारसे बदललेले नाही.

ग्राहकाच्या हक्कांची चळवळ महाराष्ट्रात १९७०च्या दशकात ग्राहक पंचायतीने उभी केली. १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा झाला. २०२२ साली केंद्र सरकारने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या विचारात घरगुती टिकाऊ वस्तूही आहेत. मला ही घटना बिब्ब्याच्या खुणेची आठवण करून देते. वस्तू बिघडली तर कोणाला विचारायचे, हे ठरलेले असावे, एवढीच ती मागणी आहे. पावती जपून ठेवा, हमीपत्र वाचा, सुटे भाग किती वर्षे मिळतील हे लेखी मागा. परटाकडून आपण ही जबाबदारी पिढ्यान्‌पिढ्या हक्काने घेत आलो. तीच आता कारखान्याकडूनही मागायला हवी.