शिपायाच्या तालमीचा खर्च

तालमीचा खर्च काय असतो हे खेड्यातल्या माणसाला सांगायला नको. घरातला एक पोरगा आखाड्यात उतरला, की त्याच्या नावाने एक म्हैस वेगळी बांधावी लागते. आता असे समजा, की हा पोरगा पुढे पोलिसात भरती झाला. त्याच्या डावपेचांचा उपयोग सरकारला होणार. मग अंग तयार राहावे म्हणून त्याने बाहेरच्या तालमीत जी फी भरायची, ती कोणी सोसायची? त्याने, की त्याला चाकरीला ठेवणाऱ्याने? प्रश्न किरकोळ वाटतो खरा, पण त्याच्या मागे जवळजवळ दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

सुरुवात जपानपासून करू. १८७६ साली तिथल्या सरकारने सामुराईंना तलवार बांधून फिरायची बंदी केली. पिढ्यान्‌पिढ्या तलवारीवर जगलेली माणसे रिकामी झाली. जे वस्ताद होते त्यांना शिष्य मिळेनात. पुढच्याच वर्षी सात्सुमा प्रांतात बंड झाले, आणि ते मोडताना तोक्योच्या पोलिसांची एक तुकडी तलवारी घेऊन लढली. पोलीसप्रमुख कावाजी तोशियोशी यांनी यातून बोध घेतला. तलवारबाजीचे शिक्षण पुन्हा सुरू करावे, असे त्यांनी १८७९ साली लिहून मांडले आणि जुन्या वस्तादांना पोलीस खात्यात पगारावर घेतले. पुढे जुजुत्सूचे, म्हणजे नि:शस्त्र झोंबीचे, वस्तादही आले. १८८२ साली कानो जिगोरो यांनी कोदोकान नावाची ज्यूदोची शाळा काढली. तिचा लौकिक वाढला तोही पोलिसांनी भरवलेल्या सामन्यांत. सरकारी पगार नसता तर यातल्या कित्येक विद्या वस्तादांबरोबरच चितेवर गेल्या असत्या, असे मला वाटते.

शांघायची गोष्ट याहून वेगळी. विल्यम फेअरबेर्न नावाचा इंग्रज १९०७ साली तिथल्या म्युनिसिपल पोलिसात दाखल झाला. (या दलात आपले शीख शिपाईही मोठ्या संख्येने होते, बरं का.) गुंडांच्या टोळीने त्याला एकदा बेदम मारले. तेव्हा तो ओकादा नावाच्या जपानी वस्तादाकडे जुजुत्सू शिकू लागला. हा वस्ताद पोलीस खात्यातला नव्हे, बाहेरचा. पुढे फेअरबेर्नने कोदोकानचा काळा पट्टा मिळवला, साऱ्या दलाला शिकवले, १९२६ साली त्यावर पुस्तकही लिहिले. एका माणसाने बाहेरून आणलेली विद्या अशी सगळ्या खात्याची झाली.

आपल्याकडे खाशाबा जाधव १९५५ साली पोलिसात फौजदार म्हणून लागले. त्याआधी तीन वर्षे, १९५२ साली, त्यांनी हेलसिंकीच्या ऑलिंपिकमध्ये कुस्तीत कांस्यपदक मिळवले होते. तिथे जाण्यासाठी लोकांनी वर्गणी जमवली, आणि कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. पोलीस खात्याला मिळाला तो तयार पैलवान. त्याला घडवायला खात्याला एक पैसाही पडला नव्हता.

आता अमेरिकेत जाऊ. कोदोकानचा माएदा मित्सुयो हा पैलवान १९१४ साली ब्राझीलला पोहोचला. त्याच्याकडून ग्रेसी घराण्याने जी विद्या उचलली आणि वाढवली, तीच आज ब्राझिलियन जुजुत्सू म्हणून जगभर ओळखली जाते. मारापेक्षा धरण्यावर, दाबण्यावर तिचा भर. जॉर्जिया राज्यातल्या मॅरिएटा या शहराच्या पोलिसांनी २०१९ साली नव्या भरतीच्या शिपायांना गावातल्या एका खाजगी तालमीत ती शिकणे सक्तीचे केले. फी खात्याची, आणि तालमीतला वेळ हा कामाचाच वेळ. तिथल्या १९३८ च्या मजुरी कायद्याचा रोखही तसाच आहे. शिक्षण सक्तीचे केले, की त्याच्या तासांचा पगार चुकत नाही. मग जुन्या शिपायांनाही खात्याच्या खर्चाने तालीम खुली झाली.

त्या खात्याने हिशेब ठेवला आणि प्रसिद्धही केला. तालमीआधीच्या अठरा महिन्यांत झटापटीत २९ पोलीस जखमी झाले होते. नंतरच्या अठरा महिन्यांत ते १५ झाले. त्या पंधरांत तालमीला जाणारा एकही नव्हता. विजेचा झटका देणाऱ्या टेझरचा वापर २३ टक्क्यांनी उतरला. पकडल्या जाणाऱ्यांनाही गंभीर इजा कमी झाल्या. मला हा आकडा सगळ्यांत मोलाचा वाटतो, कारण ज्याला धरता येते त्याला मारावे लागत नाही. शिक्षणावर सुमारे २६ हजार डॉलर गेले आणि जखमींच्या नुकसानभरपाईचे सुमारे ६६ हजार वाचले. अर्थात हा हिशेब त्या एकाच खात्याचा, आणि तोही त्याने स्वत:च मांडलेला. शिवाय जुन्यांपैकी जे आपखुशीने गेले, ते मुळातच धट्टेकट्टे आणि शांत डोक्याचे असतील, हीही शक्यता धरायला हवी.

सगळीच खाती अशी हात मोकळा सोडत नाहीत. म्हणून २०२० साली तिथे ‘अडॉप्ट अ कॉप’ नावाची एक संस्था निघाली. लोकांच्या देणग्या गोळा करून ती शिपायाची फी भरते, पण त्याला निळा पट्टा मिळेपर्यंतच. पुढची वाट ज्याची त्याने, नाहीतर त्याच्या खात्याने काढायची.