दुसऱ्याच्या हातचा पाव

गेल्या माघातल्या एका बुधवारची गोष्ट. परदेशी नोकरीला असलेली माझी नात सुटीवर नाशिकला आली होती. तिचा बाप सातपूरच्या कारखान्यातून आणि आई बँकेतून दमून यायची होती. तेव्हा तिने जाहीर केले, "आजोबा, आज रात्रीचा स्वयंपाक माझ्याकडे. इटालियन पद्धतीचे खिम्याचे सँडविच. अर्ध्या तासात होते."

मी स्वयंपाकघराच्या दारात खुर्ची टाकून बसलो. वय झालेल्या माणसाला घरात हीच एक जागा अशी असते, की जेथे नुसते बसूनही कामात असल्याचा आव आणता येतो. तिने अर्धा किलो खिमा, दोन कांदे, लसणाच्या सात-आठ पाकळ्या आणि चार पिकलेले टोमॅटो मांडले. तेलात कांदा-लसूण परतून खिमा घातला, त्याला सुटलेले पाणी मोठ्या आचेवर आटवले आणि तो चांगला तांबूस होऊ दिला. मग टोमॅटो, मीठ, चिमूटभर साखर आणि बरोबर आणलेल्या कसल्याशा वाळक्या पानांचा चुरा. त्याचा वास आपल्या ओव्याच्या अगदी जवळचा. रस दाट होईपर्यंत तिने कोपऱ्यावरच्या बेकरीतले लादीपाव मधोमध चिरून लोण्यावर भाजले. न भाजता भरले तर रसाने पावाचा लगदा होतो, हे ज्ञानही तिने मला दिले. मग त्यात खिमा भरून ताटली माझ्यापुढे ठेवली.

"अगं, हा तर खिमा-पाव!" मी म्हणालो.

"छे हो आजोबा! यात आले नाही, गरम मसाला नाही. हे इटालियन आहे."

मी वाद घातला नाही. पण त्या घासाबरोबर मला दुसरा एक पाव आठवला. सदुसष्ट वर्षांपूर्वी माझ्यापुढे आलेला आणि मी न खाल्लेला. त्याची हकिगत पुढे सांगतो. आधी या ताटलीतल्या पदार्थांचे गोत्र पाहिले पाहिजे, कारण त्या रात्रीपासून मी तोच उद्योग करीत आहे.

टोमॅटोपासून सुरुवात करू. इटलीचा म्हणून जो आपण ओळखतो, तो टोमॅटो मूळचा अमेरिकेचा. इटलीत त्याचा लेखी उल्लेख १५४४ सालचा आहे, पण त्याची चटणीवजा कृती छापली गेली ती थेट सतराव्या शतकाच्या अखेरीस, नेपल्समध्ये. आणि तीही 'स्पॅनिश पद्धतीची' म्हणून! खिम्याच्या दाट रश्शाला तिकडे 'रागू' म्हणतात. १८९१ साली पेल्लेग्रिनो आर्तुझी याने इटालियन घरगुती स्वयंपाकाचे जे प्रसिद्ध पुस्तक काढले, त्यातल्या बोलोन्या शहराच्या खिम्याच्या कृतीत टोमॅटोचा पत्ताच नाही. म्हणजे इटलीच्या मांसाला टोमॅटोची जोड सर्वत्र आणि अनादिकाळापासून होती, असे मुळीच नव्हे. आपल्याकडेही जुनी माणसे टोमॅटोला 'वेलवांगी' किंवा 'भेदरे' म्हणत, आणि त्याच्या रक्तासारख्या रंगामुळे पुष्कळ सोवळ्या घरांत तो वर्ज्य असे. आज पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोने भरलेल्या क्रेटांच्या थप्प्या पाहणाऱ्याला हे खरे वाटणार नाही.

बरे, मग रसात शिजलेला खिमा पावात भरण्याची ही तऱ्हा कोणाची? तीही बव्हंशी इटलीत नव्हे, अमेरिकेत रुजली. १८८० ते १९२० च्या दरम्यान सुमारे ४० लाख इटालियन माणसे पोटासाठी अमेरिकेत गेली. त्यांतले बहुसंख्य दक्षिण इटलीतले गरीब शेतकरी. गावी मांस सणासुदीला मिळायचे. अमेरिकेत ते मजुराच्या रोजच्या मिळकतीत बसू लागले. तेव्हा गावाकडच्या रश्शात मांस वाढले, आणि तो रस्सा पावाच्या पोटात जाऊन बसला. त्या देशात टोमॅटोच्या रसातला खिमा गोल पावात भरून खातात, त्याला 'स्लॉपी जो' असे नावही आहे. 'गबाळा जो' म्हणा हवे तर. हात आणि सदरा दोन्ही बरबटल्याशिवाय तो खाता येत नाही, म्हणून नाव सार्थ आहे.

आमच्या खिमा-पावाची कुळकथाही याहून निराळी नाही. 'खिमा' हा शब्द मूळचा तुर्की, फारसीच्या मार्गाने आपल्याकडे आला. 'आइन-इ-अकबरी'त कीमा-पुलावाची नोंद आहे. 'पाव' हा पोर्तुगीज शब्द. कोणी सांगतात, पीठ पायाने तुडवतात म्हणून पाव. कोणी सांगतात, लादीचे चार भाग करतात म्हणून पाव. दोन्ही व्युत्पत्ती मनोरंजक आहेत, पण खऱ्या नाहीत. पोर्तुगिजांना गोव्यात त्यांच्या सवयीचे खमीर मिळेना, तेव्हा माडाच्या ताडीने पीठ फुगवण्याची युक्ती निघाली. हा पाव भाजणाऱ्या पदेरांची विद्या गोव्याहून मुंबईला गेली. मुंबईत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेल्या मंडळींनी नाक्यानाक्यावर हॉटेले काढली, आणि गोव्याच्या पावाची व तुर्की नावाच्या खिम्याची संगमरवरी टेबलावर गाठ पडली. गिऱ्हाईक कोण? गिरणीतला कामगार, गोदीतला हमाल, खोलीत एकटा राहणारा कारकून. ज्याच्या घरी चूल पेटवायला माणूस नाही, आणि पेटवायला वेळही नाही, असा माणूस. न्यूयॉर्कचा इटालियन आणि गिरणगावातला साताऱ्याचा गडी एकमेकांना कधी भेटले नाहीत. पण कामावरून आल्यावर दोघांनाही जी भूक लागे तिचे उत्तर मात्र एकच निघाले. माझ्या नातीनेही त्या बुधवारी त्याच कारणासाठी तेच केले.

येथवर हा इतिहास सुखाचा आहे. पण त्यातली एक गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. आपल्या घरांत चूल होती, तवा होता. पाव भाजण्याची भट्टी नव्हती. भाकरी घरची, पोळी घरची. पाव मात्र घरी होत नाही. तो दुसऱ्याच्या हातचाच खावा लागतो. आणि हा दुसरा कोण? बहुधा ख्रिस्ती, मुसलमान किंवा इराणी. या देशात एवढी एक गोष्ट पुरे होती.

वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगिजांच्या ताब्यात होती. विहिरीत पाव टाकून गावेच्या गावे बाटवली, ही कथा आपण सगळ्यांनी लहानपणी ऐकली आहे. तिच्यात घडलेले किती आणि रचलेले किती, हा प्रश्न क्षणभर बाजूला ठेवू. मला तिच्यातली दुसरी बाजू भयंकर वाटते. पाव टाकणाऱ्याचा जुलूम एक. पण नकळत ते पाणी प्यालेल्यांना परत घ्यायचे नाही, हा निर्णय कोणाचा? तो तर आपलाच!

म्हणूनच सुधारकांनी पावाला कसोटीचा दगड केला. १८४९ साली मुंबईत परमहंस सभा निघाली. मराठी व्याकरणकार दादोबा पांडुरंग तिच्या प्रवर्तकांपैकी. जातिभेद मोडणे हे तिचे उद्दिष्ट, आणि सभासद होताना ख्रिस्त्याच्या हातचा पाव खायचा व मुसलमानाच्या हातचे पाणी प्यायचे, ही तिची दीक्षा. पण हे सारे गुप्तपणे, दारे लावून. १८६० साली सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विस्कटून गेली. पावाचा तुकडा घशाखाली उतरला होता. तो उतरला असे चारचौघांत सांगण्याचे बळ मात्र आले नव्हते.

त्यानंतर तीस वर्षांनी, १८९० साली, पुण्यात पंचहौद मिशनमध्ये तोच प्रयोग चहा-बिस्किटांवर झाला. तेथे गेलेल्या मंडळींत न्यायमूर्ती रानडे होते, लोकमान्य टिळकही होते. गोपाळराव जोशी यांनी नावे वर्तमानपत्रात छापून आणली, आणि ग्रामण्य उभे राहिले. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले. पुढे प्रायश्चित्ते झाली. रानड्यांनीही १८९२ साली ते घेतले, आणि त्यांच्या अनुयायांना ते जन्मभर सलले. मला रानड्यांवर रागावता येत नाही. का, ते पुढे कळेल.

आमच्या नाशिकच्या परिसरातला दाखला लक्ष्मीबाई टिळकांचा. त्या जवळच्याच जलालपूरच्या. वडिलांच्या पराकोटीच्या सोवळ्याचे 'स्मृतिचित्रे'मधले वर्णन एकदा वाचले की विसरत नाही. अशा घरातल्या मुलीच्या पतीने, नारायण वामन टिळकांनी, १८९५ साली ख्रिस्ती धर्म घेतला. पुढे १९०० साली लक्ष्मीबाईंनीही तो घेतला. पण धर्म बदलण्याआधी त्यांच्या मनातली शिवाशिव गळून पडली होती. मला या क्रमाचे फार मोल वाटते. धर्म कोणता, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. दुसऱ्याच्या हातचे घेणे हा मात्र माणुसकीचा प्रश्न आहे, आणि तो त्याआधीचा आहे.

आणि हेही विसरून चालणार नाही, की पाव खावा की न खावा ही चिंता वरच्या जातींची होती. ज्यांच्या स्पर्शालाच विटाळ मानले, त्यांचा झगडा याच गावात २ मार्च १९३० रोजी काळाराम मंदिराच्या दाराशी डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सुरू झाला आणि पाच वर्षे चालूनही दार उघडले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ ला आमच्याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी धर्मांतराची घोषणा केली, ती या बंद दाराच्या पार्श्वभूमीवर.

आता माझी गोष्ट. आम्ही त्या वेळी पंचवटीत राहत होतो. घरात आजीचे राज्य. एकदा धाकट्या भावाला ताप आला आणि डॉक्टरांनी दूध-पाव द्यायला सांगितला. वडिलांनी पाव आणला, तो ओसरीवर वर्तमानपत्राच्या कागदावर राहिला. भावाने तो तेथेच बसून खाल्ला, आणि आजीने त्याला अंगणात चूळ भरायला लावून मगच आत घेतले. आजी दुष्ट नव्हती. रात्रभर त्याच्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या ठेवणारीही तीच होती.

१९५८ साली मी अकरा वर्षांचा होतो. वर्गातला माझा जिवलग मित्र देवळाली कॅम्पात राहायचा. देवळाली ही ब्रिटिशांच्या काळापासूनची छावणी. बोटीतून उतरलेले आणि परतीच्या बोटीची वाट पाहणारे गोरे शिपाई तेथे ठेवीत. तेथे कंटाळून डोके फिरलेल्यांवरून इंग्रजीत 'डूलाली' असा वेडेपणाचा शब्दच रूढ झाला. मित्राचे घर गोव्याचे ख्रिस्ती. पावसाळ्यातल्या एका संध्याकाळी गणिते सोडवायला मी त्यांच्याकडे गेलो. परतीच्या वेळी पाऊस कोसळू लागला. त्याच्या आईने, "जेवूनच जा रे बाबा," म्हणून दोन ताटल्या मांडल्या. चिरलेल्या पावात वाफाळता खिमा. त्या वासाने माझ्या तोंडाला पाणी सुटले होते, हे मी आज कबूल करतो. पण मी म्हणालो, "माझा उपास आहे."

त्या दिवशी ना एकादशी होती, ना सोमवार. बाईंनी माझ्याकडे क्षणभर पाहिले. मग काही न बोलता ताटली उचलली आणि माझ्यापुढे दोन केळी आणून ठेवली. सालीतले फळ, त्याला कोणाचाच हात लागत नाही. त्यानंतर मी त्या घरी किती तरी वेळा गेलो. दर वेळी, मी काही बोलण्याच्या आत, माझ्यापुढे केळे येई. त्यांनी मला कधी टोमणा मारला नाही, आईवडिलांबद्दल विचारले नाही, आणि खिमा-पावही पुन्हा कधी पुढे केला नाही. दोन वर्षांनी त्यांची बदली झाली. मित्राचा पत्ता हरवला.

१९६८ साली मुंबईला नोकरी लागली, तेव्हा एका इराण्याकडे मी पहिला खिमा-पाव खाल्ला. काही झाले नाही. आकाश कोसळले नाही, आणि विशेष पुरुषार्थ केल्यासारखेही वाटले नाही. परमहंस सभेच्या सभासदांप्रमाणे मीही तो चोरून खाल्ला आणि घरी सांगितले नाही. अनोळखी हॉटेलात पैसे टाकून खाणे सोपे असते. जेथे माणूस ओळखीचे असते, प्रेमाने वाढते आणि आपल्या 'नाही'ने दुखावते, तेथेच खरी परीक्षा असते. त्या परीक्षेत मी अकराव्या वर्षी नापास झालो, आणि तिला पुरवणी परीक्षा नसते.

हे सारे मी त्या बुधवारी जेवताना नातीला सांगितले. तिने घास हातात तसाच धरून ऐकले. मग विचारले, "आजोबा, त्या आजींच्या खिम्यात काय काय असायचे?"

"मला कसे ठाऊक असणार? मी तो खाल्लाच नाही."

ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने लादीतला आणखी एक पाव काढला, भाजला, त्यात पातेल्यातला उरलासुरला खिमा निपटून भरला आणि माझ्या ताटलीत ठेवला. पोट भरले होते. पण "नको" म्हणण्याची माझी छाती झाली नाही.