खेळातल्या मोटारीचे छायाचित्र

मोटार शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये छायाचित्रणाची सोय ठळकपणे आली ती 'ग्रान टुरिस्मो ४' या जपानी खेळामुळे. २००४ च्या डिसेंबरात तो जपानमध्ये विक्रीस आला. त्यात टिपलेली छायाचित्रे प्रिंटरवर छापताही येत. २०१४ च्या 'ड्राइव्हक्लब'मध्ये तर भारतातले रस्तेही होते.

या कॅमेऱ्याला खरे भिंग नसते, तरी नियम खऱ्या कॅमेऱ्याचेच लागू पडतात. शटरचा वेग फार ठेवला, की ताशी २०० किलोमीटरने धावणारी गाडीही उभी केल्यासारखी दिसते. नवशिक्यांची ही नेहमीची चूक. गाडीला समांतर राहून टिपताना शटर १/६० सेकंदापर्यंत उतरवावे. चाके आणि रस्ता पुसट होतात, गाडी मात्र रेखीव राहते. जवळून वाइड लेन्सने टिपल्यास गाडीचे नाक फुगते. त्यापेक्षा दूर जाऊन झूम वापरलेला बरा. पुढची चाके किंचित वळवून रिम कॅमेऱ्याकडे आणावी, टायरचे रबर नव्हे.

प्रकाशाचा गुरू मात्र खरा रस्ताच. चंद्रपूर जिल्ह्यातल्या गोंडपिपरीहून आष्टीकडे जाताना सकाळचे तिरपे ऊन गाडीच्या कडा उजळते. भर दुपारी तीच गाडी सपाट भासते. खेळात वेळ निवडता येत असेल तर सकाळ किंवा सायंकाळच घ्यावी.

संपादनात हात आखडता हवा. आधी क्षितिज सरळ करावे, मग उजेड-अंधाराचा तोल साधावा. रंग भडक केले, की लाल गाडीवरच्या बारीक छटा प्रथम नाहीशा होतात. मूळ प्रत वेगळी जपलेली नसेल, तर त्या परत मिळत नाहीत.