स्क्रबर : धुराड्यातील वायूंची धुलाई

औष्णिक वीजकेंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडते ती केवळ राख नव्हे. राख डोळ्यांना दिसते आणि ती अडविणारी विद्युत यंत्रणा बहुतेक केंद्रांत असते. कोळशातील गंधक जळून निर्माण होणारा सल्फर डायऑक्साइड मात्र रंगहीन असतो आणि या यंत्रणेतून सरळ निसटतो. दम्याच्या रुग्णांना जाचणाऱ्या व आम्लवर्षेला कारणीभूत ठरणाऱ्या या वायूला पकडण्यासाठी ‘स्क्रबर’ लागतो.

त्यामागील तत्त्व साधे आहे. हा वायू पाण्यात विरघळला की आम्ल तयार होते. आम्लाची गाठ अल्कधर्मी पदार्थाशी घालून दिली की ते उदासीन होते. उंच मनोऱ्यात खालून वायू सोडला जातो आणि वरून बारीक दळलेल्या चुनखडीच्या पातळ लगद्याचे फवारे उडविले जातात. फवारेच का? तेवढ्याच द्रवाचे सूक्ष्म थेंब केले, तर वायूला भिडणारा पृष्ठभाग कितीतरी पटींनी वाढतो. तळाशी साचलेल्या द्रवात हवा फुंकली की जिप्सम तयार होते. धुतलेला वायू धुराड्याकडे जाण्यापूर्वी नागमोडी पट्ट्यांमधून जातो व त्यातील थेंब तेथेच अडतात. नीट चालविलेला स्क्रबर ९० टक्क्यांहून अधिक सल्फर डायऑक्साइड काढून घेतो.

तथापि, स्क्रबर प्रदूषण नाहीसे करत नाही, त्याचे रूप बदलतो. रासायनिक हिशेबाने १ टन सल्फर डायऑक्साइडसाठी सुमारे १.६ टन चुनखडी खर्ची पडते आणि सुमारे २.७ टन जिप्सम हाती येते. सिमेंट कारखान्यांनी ते उचलले तर ठीक. अन्यथा त्याचे ढीग साचतात.

किनाऱ्यावर चुनखडीऐवजी समुद्राचे पाणी वापरता येते, कारण ते मुळातच किंचित अल्कधर्मी असते. वापरलेल्या पाण्यात हवा मिसळून ते समुद्रात परत सोडतात. डहाणूच्या ५०० मेगावॅट केंद्रात हीच पद्धत आहे, पण ती सहजासहजी आली नाही. चिकूच्या बागांचा हा तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या निर्णयानंतर न्या. चंद्रशेखर धर्माधिकारी यांच्या अध्यक्षतेखाली प्राधिकरण स्थापन झाले. प्राधिकरणाने १९९९ मध्ये स्क्रबर बसविण्याचा आदेश दिला; तो प्रत्यक्षात सुरू व्हायला २००७ साल उजाडले.

देशपातळीवरील कथाही वेगळी नाही. केंद्र सरकारने डिसेंबर २०१५ मध्ये वीजकेंद्रांसाठी या वायूची मर्यादा प्रथमच ठरविली. ५०० मेगावॅट व त्याहून मोठ्या जुन्या संचांना ती घनमीटरमागे २०० मिलिग्रॅम होती. पूर्ततेसाठी दोन वर्षे दिली होती. त्यानंतर मुदतवाढींची रांगच लागली. जुलै २०२५ मध्ये तर बहुसंख्य केंद्रांना धुराड्याच्या उंचीच्या अटीवर या मर्यादेतूनच सूट मिळाली. राष्ट्रीय राजधानी क्षेत्र किंवा दहा लाखांवर लोकसंख्येची शहरे यांपासून १० किलोमीटरच्या आतील केंद्रांना मात्र २०२७ अखेरची मुदत आहे. भारतीय कोळशात गंधक कमी, अर्ध्या टक्क्याच्या आसपास असते आणि स्क्रबर खर्चिक आहे, असे सूट देण्याच्या बाजूने सांगितले जाते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. परंतु हवेत या वायूपासून सूक्ष्म सल्फेट कण तयार होतात व ते वाऱ्यासोबत शेकडो किलोमीटर जातात. १० किलोमीटरच्या निकषात त्यांचा हिशेब बसत नाही.