पाऊण आण्याची घारापुरी : टपाल तिकिटांवरचा रायगडचा किनारा आणि जपानची निसर्गचित्रे

१/
७ डिसेंबर १९४९. भारतीय टपाल खात्याने नव्या चित्राचे पोस्टकार्ड विक्रीस आणले. त्याच्या कोपऱ्यात हिरव्या शाईत तीन मुखांची एक मूर्ती छापलेली होती. किंमत नऊ पै, म्हणजे पाऊण आणा. ही मूर्ती घारापुरीची. आजच्या रायगड जिल्ह्यातील, उरण तालुक्यातील एक लहानसे बेट त्या दिवसापासून देशभरातील पोस्टमनच्या थैलीतून फिरू लागले.

२/
या घटनेचे महत्त्व कळण्यासाठी थोडे मागे जावे लागते. १८५४ पासून ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर प्रामुख्याने राणीचे अथवा राजाचे मुख असे. १९३५ मध्ये पंचम जॉर्जच्या रौप्यमहोत्सवानिमित्त देशातील वास्तूंची चित्रे तिकिटांवर आली. मात्र राजाची छबीही सोबत होतीच. त्यातील अर्ध्या आण्याच्या तिकिटावर गेटवे ऑफ इंडिया होते. घारापुरीच्या लाँच आज जिथून सुटतात तो धक्का प्रथम तिकिटावर आला. बेटाला त्यानंतर चौदा वर्षे थांबावे लागले.

३/
२१ नोव्हेंबर १९४७ रोजी तिरंग्याचे तिकीट निघाले, पुढे अशोकस्तंभाचे शीर्ष आले. परंतु रोजच्या व्यवहाराची संपूर्ण मालिका आली ती १५ ऑगस्ट १९४९ रोजी. तीन पैपासून पंधरा रुपयांपर्यंत एकूण १६ तिकिटे. अजिंठ्याचा हत्ती, कोणार्कचा घोडा, नटराज, सांचीचे तोरण, विजापूरचा गोल घुमट, अमृतसरचे सुवर्णमंदिर, ताजमहाल, कुतुबमिनार. राजाच्या मुखाची जागा आता देशाच्या शिल्पांनी व वास्तूंनी घेतली होती. नऊ पैचे तिकीट घारापुरीच्या वाट्याला आले.

४/
या मालिकेत किमतीची उतरंड होती. ताजमहाल पाच रुपयांना, कुतुबमिनार दहा रुपयांना आणि पालिताण्याचे शत्रुंजय मंदिर पंधरा रुपयांना. इतक्या किमतीची तिकिटे सामान्य माणसाच्या पत्रावर क्वचितच दिसत. त्याची भिस्त पोस्टकार्डावर. मुंबईच्या गिरणीत राबणारा कोकणी चाकरमानी गावी खुशाली कळवी, ती या कार्डावर. त्यामुळे देशातील एक भव्य शिल्प सर्वांत साध्या टपालावर विराजमान झाले आणि म्हणूनच सर्वदूर पोहोचले.

५/
मूळ शिल्प सुमारे साडेपाच मीटर उंच आहे. ते सर्वसाधारणपणे सहाव्या शतकाच्या मध्यातील मानले जाते. लोकांच्या तोंडी ते ‘त्रिमूर्ती’. म्हणजे ब्रह्मा, विष्णू, महेश. अभ्यासक मात्र त्याला सदाशिव अथवा महेशमूर्ती म्हणतात. मधले शांत मुख, एका बाजूचे उग्र अघोर आणि दुसऱ्या बाजूचे सौम्य वामदेव, ही सारी एकाच शिवाची रूपे. टपाल खात्याने व तिकिटांच्या सूचींनी ‘त्रिमूर्ती’ हेच नाव घेतले. संग्राहकांच्या जगात तेच रूढ झाले.

६/
नावांच्या बाबतीत या बेटाचे नशीब विलक्षणच. पोर्तुगिजांना इथे दगडी हत्ती दिसला, म्हणून त्यांनी बेटाला ‘एलिफंटा’ म्हटले. तो हत्ती १८६४ मध्ये इंग्लंडला नेण्याचा प्रयत्न झाला. उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले. पुढे १९१४ मध्ये ते जोडण्यात आले. आज तो मुंबईत भायखळ्याला, भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात उभा आहे. ज्याच्यामुळे परके नाव पडले तो हत्ती बेटावर उरला नाही. नाव मात्र राहिले.

७/
तिकिटावरही असेच काहीसे घडले. नऊ पैच्या चौकटीत मूर्ती आहे; समुद्र नाही, धक्का नाही, शेतबंदर, मोराबंदर, राजबंदर ही गावे नाहीत. शिल्प त्याच्या भूमीपासून वेगळे काढून राष्ट्राचे चिन्ह झाले. नव्या प्रजासत्ताकाच्या उंबरठ्यावर ही निवड स्वाभाविक होती. अनेक प्रांतांना एका मालिकेत बांधायचे, तर प्रत्येकाची एकेक खूण पुरेशी होती.

८/
स्थळाचे चित्र तिकिटावर आणण्याचा दुसराही मार्ग होता. तो पाहण्यासाठी जपानकडे वळावे लागते. तिथे १९३१ मध्ये राष्ट्रीय उद्यानांचा कायदा झाला आणि १९३४ मध्ये पहिली उद्याने घोषित झाली. १९३६ मध्ये फुजी-हाकोने उद्यानाची तिकिटे निघाली. त्यांचा विषय एखादी मूर्ती वा इमारत नव्हती. डोंगर, सरोवर, आकाश आणि त्या प्रदेशाचे नाव, असा तो संपूर्ण देखावा होता. पाहणाऱ्याच्या मनात प्रवासाची ओढ निर्माण व्हावी, अशी ही चित्रे.

९/
याच सुमारास जपानी टपालात आणखी एक प्रथा आली. १९३१ मध्ये फुजी पर्वताच्या टपाल कचेरीत निसर्गचित्राचा शिक्का सुरू झाला. पुढे देशभरातील कचेऱ्यांना आपापल्या परिसराचे चित्र असलेले शिक्के मिळाले. संग्राहक हे शिक्के मिळवण्यासाठी गावोगाव फिरू लागले. तिकीट घरबसल्या विकत घेता येते. शिक्क्यासाठी मात्र प्रवास करावा, ही त्यामागची गोडी.

१०/
परंतु निसर्गचित्र नेहमीच निरागस नसते. १९४१ मध्ये याच उद्यान-मालिकेत तैवानमधील डोंगरकड्यांची तिकिटे निघाली. तैवान १८९५ पासून जपानच्या ताब्यात होते. तेथील सर्वोच्च शिखराला जपान्यांनी ‘नीइताका’, म्हणजे ‘नवे उंच’, असे नाव दिले होते, कारण ते फुजीहूनही उंच होते. तिकिटावर दिसे रम्य पर्वत. त्या चित्रात साम्राज्याचा दावाही दडलेला होता. चार वर्षांनी युद्ध संपले आणि तैवान जपानच्या हातून गेले. तिकिटे तेवढी संग्रहांत राहिली.

११/
युद्धानंतर १९४९ मध्ये जपानने उद्यानांची मालिका पुन्हा सुरू केली. आरंभ योशिनो-कुमानोच्या देखाव्यांनी झाला. त्याच वर्षी भारताने घारापुरीची मूर्ती तिकिटावर आणली. पराभवातून सावरणारा एक देश, नुकताच स्वतंत्र झालेला दुसरा. दोघेही जगाला आपली ओळख सांगत होते; एक निसर्गातून, दुसरा पाषाणातून.

१२/
१ एप्रिल १९८९ पासून जपानने ‘फुरुसातो’ तिकिटे काढली. फुरुसातो म्हणजे आपले मूळ गाव. ४७ प्रांतांपैकी प्रत्येकाला आपला निसर्ग, आपले सण, आपली फळेफुले राष्ट्रीय तिकिटावर आणण्याची संधी मिळाली. कोकणी माणसाला या शब्दाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. गणपतीला आणि शिमग्याला तो जिथे परततो, तेच त्याचे फुरुसातो.

१३/
रायगडच्या किनाऱ्याला पुढे आणखी एक तिकीट लाभले. एप्रिल १९९९ मध्ये तीन रुपयांच्या तिकिटावर कान्होजी आंग्रे यांच्या आरमारातील गुराब अवतरली. आधार होता इ.स. १७०० च्या सुमाराच्या एका चित्राचा. या आरमाराचे एक प्रमुख ठाणे म्हणजे अलिबागसमोरचा कुलाबा किल्ला. ओहोटीला तिथे पायी जाता येते. कान्होजींची समाधी अलिबागेत आहे. १९८१ पर्यंत या संपूर्ण जिल्ह्याचे नावच कुलाबा होते. या वेळी जहाजाच्या रूपाने का होईना, समुद्र चौकटीत आला.

१४/
संग्राहकाचे काम इथे सुरू होते. नऊ पैचे सुटे तिकीट आल्बममध्ये लावणे सोपे. वापरलेले पोस्टकार्ड त्याहून अधिक बोलते. टाकल्याचा शिक्का, पोहोचल्याचा शिक्का, तारीख, गावांची नावे. त्यातून मूर्ती कुठून कुठे गेली हे उलगडते. त्यापुढची पायरी मॅक्झिमम कार्डाची. त्यात चित्र, तिकीट आणि शिक्का या तिन्हींचा विषय, स्थळ व काळ शक्य तितका जुळावा लागतो. हा नियम वरवर खेळाचा वाटतो. प्रत्यक्षात तो चित्राला त्याच्या स्थळाशी पुन्हा जोडतो.

१५/
डोळसपणाही हवा. याच मालिकेतील एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाचे चित्र उलटे छापले गेले. उजवा हात डावीकडे गेला. १९५० मध्ये दुरुस्त आवृत्ती निघाली. दोन तिकिटे शेजारी ठेवल्याखेरीज ही चूक सहसा ध्यानात येत नाही. इतिहासाची साधने अशीच वाचायची असतात : जवळून, आणि दुसऱ्या साधनाशी पडताळून.

१६/
१९५७ मध्ये दशमान नाणी आली. आणे आणि पै व्यवहारातून गेले. १९८७ मध्ये घारापुरीच्या लेण्यांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. पर्यटक वाढले. तरीही बेटावरील गावांना नियमित वीज मिळाली ती फेब्रुवारी २०१८ मध्ये, समुद्राखालून सुमारे साडेसात किलोमीटर लांबीची केबल टाकल्यावर. ज्या बेटाची मूर्ती १९४९ मध्ये देशभर पोहोचली, त्या बेटावर मुंबईचे दिवे समोर दिसत असताना आणखी ६८ वर्षे अंधार होता.

१७/
तिकीट एखाद्या स्थळाला कीर्ती देते. तिथल्या माणसांची कहाणी त्याच्या चौकटीत मावत नाही. जपानच्या तिकिटावरील तैवानचे डोंगर आणि भारताच्या पोस्टकार्डावरील घारापुरी, दोन्ही हेच सांगतात. आजोबांच्या ट्रंकेत एखादे हिरव्या त्रिमूर्तीचे पोस्टकार्ड सापडले, तर मागचा मजकूर आधी वाचावा, मग शिक्के पाहावेत आणि सवड मिळताच गेटवेवरून लाँच धरावी. लेणे पाहून झाल्यावर शेतबंदरातही थोडे थांबावे. तिकिटावर न आलेली घारापुरी तिथे आहे.