फ्रँकफर्टच्या फाइलीपासून श्रीनिवासपुरापर्यंत

१९९५ सालच्या डिसेंबरमध्ये जर्मनीतील फ्रँकफर्ट येथील मनोरुग्णालयाच्या दप्तरखान्यात एक जुनी फाइल सापडली. ती ऑगस्ट डेटर नावाच्या रुग्ण स्त्रीची होती. १९०१च्या नोव्हेंबरमध्ये ही एकावन्न वर्षांची स्त्री रुग्णालयात दाखल झाली, तेव्हा डॉ. अलॉइस अल्झायमर यांनी तिला विचारलेले प्रश्न आणि तिने दिलेली उत्तरे त्या कागदांवर नोंदलेली होती. नवऱ्याचे नाव विचारल्यावर तिने स्वतःचेच नाव सांगितले होते. स्वतःचे नाव लिहायला सांगितले, तर तेही तिला पुरे करता आले नव्हते. १९०६च्या एप्रिलमध्ये ती वारली. तोवर म्युनिकला गेलेल्या अल्झायमर यांनी तिचा मेंदू आणि कागदपत्रे मागवून घेतली आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत आपली निरीक्षणे मांडली. १९१०मध्ये एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचे नाव दिले.

ती फाइल सुमारे नव्वद वर्षे कोणाच्याही हाती लागली नव्हती. तिच्या पाठोपाठ म्युनिकमध्ये त्या मेंदूच्या छेदांच्या काचपट्ट्याही सापडल्या. मग शतकभरापूर्वी कोणाला सुचूही शकला नसता असा प्रश्न त्या पट्ट्यांना विचारला गेला : हा आजार आनुवंशिक होता काय? २०१३मध्ये एका गटाने विशिष्ट जनुकात बदल आढळल्याचे प्रसिद्ध केले. पुढच्याच वर्षी दुसऱ्या गटाने तसा बदल आपल्याला आढळत नसल्याचे सांगितले. वाद मिटला नाही, पण तो होऊ शकला, कारण कोणीतरी नोंदी केल्या होत्या, मेंदू राखला होता आणि दोन्ही गोष्टी एकाच व्यक्तीच्या आहेत हे सिद्ध करता येत होते. फ्रँकफर्ट-म्युनिकमध्ये हे योगायोगाने घडले. पुढे विद्यापीठांतील अल्झायमर संशोधन केंद्रांनी हेच काम ठरवून, हजारो माणसांच्या बाबतीत हाती घेतले. या केंद्रांचा इतिहास म्हणजे मुख्यतः जपणुकीचा इतिहास आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अल्झायमर हा मध्यमवयातील दुर्मीळ आजार मानला जाई. म्हातारपणी माणसाचे भान हरपले, तर ते वयाचे लक्षण समजून सोडून दिले जाई. या समजुतीला १९६८मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल येथील ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी धक्का दिला. वृद्धांची मानसिक चाचणी त्यांच्या हयातीत घ्यायची आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतील विकृत ठिपके मोजायचे, अशी त्यांची पद्धत होती. दोन्ही मोजमापांत संबंध असल्याचे दिसले. १९७६मध्ये अमेरिकेतील मज्जातंतुतज्ज्ञ रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात बजावले, की वृद्धांचा स्मृतिभ्रंश बहुतांशी अल्झायमरच आहे आणि तो मृत्यूच्या प्रमुख कारणांपैकी एक आहे. त्याच्या दोनच वर्षे आधी, १९७४मध्ये, अमेरिकेत वार्धक्यासाठीची राष्ट्रीय संशोधन संस्था स्थापन झाली होती. या संस्थेने १९८४मध्ये पहिल्या पाच अल्झायमर केंद्रांना अनुदान दिले. पुढच्या वर्षी आणखी पाच केंद्रांची भर पडली; पिट्सबर्ग विद्यापीठाचे केंद्र त्यांतले. आज अशी तीसहून अधिक केंद्रे आहेत.

‘संशोधन केंद्र’ म्हटले की प्रयोगशाळा आणि तिचे नामवंत प्रमुख डोळ्यांपुढे येतात. या केंद्रांची घडण मात्र वेगळी आहे. केंद्राचे अनुदान एखाद्या सिद्धान्ताच्या पडताळणीसाठी नसते. ते अनेक संशोधकांना उपयोगी पडणाऱ्या सामायिक विभागांसाठी असते. वैद्यकीय विभाग निरोगी आणि आजारी अशा दोन्ही प्रकारच्या स्वयंसेवकांना दरवर्षी बोलावतो, त्यांच्या स्मरणशक्तीच्या चाचण्या घेतो, आणि घरातल्या जवळच्या माणसालाही स्वतंत्रपणे प्रश्न विचारतो. कारण आपण विसरतो हेच रुग्ण अनेकदा विसरलेला असतो. रोगनिदान सहसा एकट्या डॉक्टरच्या मतावर ठरत नाही. मज्जातंतुतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि इतर जाणकार एकत्र बसून ते ठरवतात. विकृतिशास्त्र विभाग मृत्यूनंतर दान केलेला मेंदू काही तासांत ताब्यात घेतो. त्याचा काही भाग फॉर्मॅलिनमध्ये, तर काही भाग गोठवून ठेवतो. विदा आणि संख्याशास्त्र यांचा विभाग या साऱ्या नोंदी परस्परांशी जोडतो. लोकसंपर्क विभाग वस्त्यावस्त्यांत जाऊन नवे सहभागी मिळवतो आणि जुन्यांशी नाते टिकवून ठेवतो.

नव्या संशोधकाला याचा लाभ कसा होतो? समजा, रक्तातील एखाद्या प्रथिनावरून आजार लवकर ओळखता येईल, अशी कल्पना एका तरुण जैवभौतिकीविदाला सुचली. स्वतः रुग्ण गोळा करायचे, त्यांचा दहा वर्षे पाठपुरावा करायचा आणि मग मेंदू तपासायचा, असे त्याने ठरवले तर त्याची उमेद त्यातच सरेल. केंद्राकडे तो अर्ज करतो. समिती प्रश्नाचे मोल आणि उपलब्ध नमुन्यांचा साठा पाहून निर्णय घेते. आणि ज्यांचा आजार वर्षानुवर्षे नोंदला गेला आहे अशांचे नमुने, ओळख झाकून, त्याला मिळतात. प्राथमिक प्रयोगासाठी छोटी अनुदाने आणि नवोदितांचे प्रशिक्षण हेही केंद्राच्या कामाचे नेमून दिलेले भाग आहेत.

पिट्सबर्गचे उदाहरण बोलके आहे. मेंदूतील अमायलॉइड प्रथिनाचे थर पूर्वी केवळ मृत्यूनंतर, सूक्ष्मदर्शकाखाली दिसत. विल्यम क्लंक आणि चेस्टर मॅथिस यांनी जिवंत माणसाच्या मेंदूत ते दाखवू शकेल असे द्रव्य शोधण्याचा ध्यास घेतला. विकृतिशास्त्रात वापरल्या जाणाऱ्या थायोफ्लेविन या रंजकद्रव्यात त्यांनी बदल केले आणि ही नवी द्रव्ये मृतांच्या जपलेल्या मेंदूऊतींवर तपासून पाहिली. निवडलेल्या द्रव्याला कार्बन-११ हा किरणोत्सारी अणू जोडला. त्याचे अर्धायुष्य सुमारे वीस मिनिटांचे. म्हणजे जवळच्याच सायक्लोट्रॉनमध्ये तो तयार करायचा आणि घाईने प्रतिमायंत्रापर्यंत पोहोचवायचा. २००२मध्ये स्वीडनमधील उप्साला येथे हे द्रव्य पहिल्यांदा माणसाला दिले गेले आणि २००४मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. ‘पिट्सबर्ग कंपाउंड-बी’ या नावाने ते आज ओळखले जाते. ज्यांच्या ऊतींवर त्याची पारख झाली, ते दाते तेव्हा हयात नव्हते.

या व्यवस्थेतही उणिवा होत्या. प्रत्येक केंद्राच्या चाचण्या आणि नोंदींची पद्धत निराळी असल्याने त्यांची बेरीज होत नसे. म्हणून १९९९मध्ये सिअॅटल येथील वॉशिंग्टन विद्यापीठात राष्ट्रीय समन्वय केंद्र उभे राहिले आणि २००५पासून सर्व केंद्रांसाठी एकच नोंदसंच लागू झाला. त्याहून मोठी उणीव अशी, की स्मृतिभ्रंशाच्या रूढ चाचण्या शाळा शिकलेल्या माणसाला गृहीत धरून रचलेल्या होत्या. शंभरातून सात सात वजा करा, कागदावरचे वाक्य वाचून तसे करा, एक वाक्य लिहा. ज्याने पाटी-पेन्सिल कधी हातात धरली नाही, तो यांत नापास होणारच. मग ते विस्मरण मानायचे की निरक्षरता?

हा प्रश्न हरियाणातील बल्लभगढच्या गावांत ऐरणीवर आला. विजय चंद्रा आणि पिट्सबर्ग विद्यापीठाच्या मेरी गांगुली यांच्या भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासासाठी ५५ वर्षांवरील ५,१२६ ग्रामस्थांची पाहणी झाली. त्यांतील सुमारे ७३ टक्के निरक्षर होते. १९९५मध्ये प्रसिद्ध झालेल्या हिंदी चाचणीत प्रश्न मुळापासून बदलले होते. वजाबाकीऐवजी वारांची नावे उलट क्रमाने सांगायची. वाक्य वाचून डोळे मिटण्याऐवजी परीक्षकाने डोळे मिटले की तसेच करायचे. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काही सांगायचे. लक्षात ठेवायचे तीन शब्दही रोजचेच : आंबा, खुर्ची, नाणे.

२००१मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष चकित करणारा होता. ६५ वर्षांवरील लोकांत अल्झायमरच्या नव्या रुग्णांचे प्रमाण बल्लभगढमध्ये दर हजार व्यक्तिवर्षांमागे ४.७ निघाले, पेन्सिल्व्हेनियातील मोनोंगहेला खोऱ्यात ते १७.५ होते. आयुर्मान कमी म्हणून असे दिसले काय? आजार जडल्यावर माणूस फार काळ जगत नव्हता काय? की या लोकांना खरोखरच काही संरक्षण होते? आजाराशी संबंधित जनुकाचा एपीओई-ई४ हा प्रकार तेथे कमी आढळला, तरी तेवढ्याने उलगडा होत नव्हता. या निष्कर्षामागचा पाठपुरावा दोन वर्षांचा होता. अशा प्रश्नांना वीस-पंचवीस वर्षांचा पाठपुरावा लागतो, आणि तो एखाद्या प्रकल्पाच्या मुदतीत बसत नाही. त्यासाठी कायमची संस्था हवी.

भारतात अशी संस्था तुकड्यातुकड्यांनी आकाराला आली. १९९५मध्ये बंगळूरच्या निम्हान्समध्ये डॉ. एस. के. शंकर यांच्या पुढाकाराने मेंदूपेढी सुरू झाली. २०१४मध्ये इन्फोसिसचे एक संस्थापक क्रिस गोपालकृष्णन यांच्या प्रतीक्षा न्यासाने भारतीय विज्ञान संस्थेला २२५ कोटी रुपये देऊ केले. त्यातून मेंदू संशोधन केंद्र उभे राहिले; प्रा. विजयालक्ष्मी रवींद्रनाथ त्याच्या संस्थापक संचालक. २०१८मध्ये या केंद्राने कर्नाटकातील कोलार जिल्ह्यातल्या श्रीनिवासपुरा तालुक्यात दीर्घकालीन अभ्यास आरंभला. ४५ वर्षांवरील दहा हजार निरोगी ग्रामस्थांची नोंद करायची आणि ठरावीक काळाने त्यांची पुन्हा पुन्हा तपासणी करायची : बोधनक्षमता, रक्त, जनुके, मेंदूच्या एमआरआय प्रतिमा. बंगळूरमधील शहरी सहभागींसाठी टाटा न्यासाच्या साहाय्याने समांतर अभ्यास चालतो.

या केंद्राने समन्वय केलेल्या ‘जीनोम इंडिया’ प्रकल्पातील दहा हजार भारतीयांच्या जनुकसंचांची विदा जानेवारी २०२५मध्ये देशातील संशोधकांसाठी खुली झाली. ती फरीदाबादच्या भारतीय जैविक विदा केंद्रात ठेवलेली आहे. बल्लभगढ त्याच जिल्ह्यात येते.

दरम्यान २०२३मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीने ६० वर्षांवरील भारतीयांत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख रुग्ण, असा अंदाज दिला. हे प्रमाण स्त्रियांमध्ये आणि ग्रामीण भागात अधिक आढळले. त्या पाहणीच्या चाचण्यांतही बल्लभगढसाठी घडवलेली हिंदी चाचणी होती. दोन्ही अभ्यासांच्या पद्धती, वयोगट आणि व्याख्या निराळ्या असल्याने ‘आजार इतक्या पटींनी वाढला’ असे म्हणता येणार नाही. बल्लभगढचा प्रश्न आजही खुलाच आहे, आणि त्याचे उत्तर एकाच माणसाला वारंवार भेटूनच मिळेल.

म्हणूनच अशा केंद्राच्या यशाची मोजदाद वर्षाअखेरीच्या शोधनिबंधांवरून करता येत नाही. किती सहभागी पुढच्या खेपेला परत आले, किती नमुने शीतपेट्यांत सुरक्षित आहेत, बाहेरच्या किती संशोधकांना ते मिळाले, हे तेथे पाहावे लागते. अनुदानात खंड पडला तर यंत्रे पुन्हा घेता येतात. न झालेल्या तपासणीचे वर्ष मात्र परत मिळत नाही. श्रीनिवासपुरा आंब्यांसाठी प्रसिद्ध आहे. तेथील एखाद्या बागाईतदाराने २०१८मध्ये पंचेचाळिसाव्या वर्षी नाव नोंदवले असेल, तर २०४३मध्ये तो सत्तर वर्षांचा होईल. त्याच्या रक्ताच्या जपलेल्या नमुन्याला तेव्हा जो प्रश्न विचारला जाईल, तो विचारणारा संशोधक आज बहुधा शाळेत असेल.