फर्निचर, कार्यालयीन

व्यापारी पेढी वा कचेरी यांतील लेखन, हिशेब, अभिलेखांचे जतन व अभ्यागतांशी होणारे व्यवहार यांसाठी लागणारी मेजे, खुर्च्या, कपाटे, मांडण्या इ. सामानास ही संज्ञा लावतात. महाराष्ट्रात या सामानाचा इतिहास दोन गोष्टींशी निगडित आहे : बसण्याच्या पद्धतीत पडलेला बदल आणि लाकडाचा पुरवठा. यांपैकी दुसऱ्या गोष्टीचा मागोवा चांदा-सिरोंचाच्या वनांपर्यंत जातो.

पेशवाईतील कारकून जमिनीवर बैठक मारून लिहीत आणि कागद रुमालांत बांधून ठेवीत. व्यापाऱ्याच्या पेढीवर गादी, तक्क्या व उतरत्या झाकणाची पेटी एवढे सामान पुरेसे असे. मेज हा शब्द फार्सीतून, तर अलमारी हा पोर्तुगीजमधून आला. तथापि या वस्तूंचा सार्वत्रिक प्रसार इंग्रजी अंमलातील कचेऱ्यांमुळे झाला. पुढे टंकलेखन यंत्र आल्यावर जमिनीवर बसून कचेरीचे सर्व काम करणे अशक्य झाले.

सिरोंचा हे प्राणहितेच्या डाव्या तीरावर, तिच्या गोदावरीशी होणाऱ्या संगमानजीक वसले आहे. १८६० च्या तहान्वये निजामाकडून हा प्रदेश इंग्रजांकडे आला आणि सिरोंचा हे अपर गोदावरी जिल्ह्याचे मुख्य ठाणे बनले. गोदावरीतून जलवाहतूक सुरू करण्याची मोठी योजना त्या काळी हाती घेण्यात आली होती. पात्रातील खडकाळ अडथळे व वाढता खर्च यांमुळे ती १८७१ मध्ये सोडून देण्यात आली. १८७४ मध्ये सिरोंचा तहसील चांदा जिल्ह्यास जोडण्यात आली. चांद्याचे चंद्रपूर असे नामांतर १९६४ मध्ये झाले व १९८२ मध्ये गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा निर्माण झाला. अशा रीतीने मेज-खुर्चीची कचेरी आणि त्यांना लागणारे लाकूड यांची या भागात निकट गाठ पडली.

येथील साग (तेलुगूत टेकु, शा. नाव टेक्टोना ग्रँडिस) प्रसिद्ध आहे. आलापल्लीजवळील जुन्या वृक्षांचे वन २०१४ मध्ये जैविक विविधता वारसास्थळ म्हणून घोषित झाले. सागाचे मध्यकाष्ठ सोनेरी-तपकिरी व तेलयुक्त असून त्यास वाळवी सहसा लागत नाही. ते ऋतुमानानुसार फारसे फुगत वा आकसत नाही. त्यामुळे खण अडकत नाहीत व दारे नीट मिटतात. याउलट, फिकट रसकाष्ठ टिकाऊ नसते. दिल्लीतील नव्या संसद भवनासाठी (२०२३) सागवान नागपूरहून नेण्यात आले, यावरून विदर्भाच्या लाकडाची मागणी किती दूरवर आहे ते दिसते.

विसाव्या शतकात सागवानास पोलाद हा प्रतिस्पर्धी लाभला. फ्रँक लॉइड राइट यांनी अमेरिकेतील बफालो येथील लार्किन कार्यालयासाठी (१९०६) धातूचे फर्निचर योजिले. मुंबईत १८९७ पासून कुलपे बनविणाऱ्या गोदरेज कंपनीने १९२३ मध्ये पोलादी कपाटे बाजारात आणली. कागदपत्रांचे वाळवीपासून रक्षण हा त्यांचा मोठा गुण होय.

खरेदी करताना प्रथम कामाचा विचार करावा, शोभेचा नंतर. लेखनाच्या मेजाची उंची सामान्यतः ७२ ते ७५ सेंमी. व खुर्चीच्या बैठकीची ४२ ते ४८ सेंमी. असावी. लाकडाच्या छेदावर फिकट कडा अधिक दिसल्यास ते रसकाष्ठ समजावे. लाकूड नीट वाळवलेले असावे; ओलसर लाकडाच्या फळ्या वर्षभरात वाकतात व सांधे सुटतात. केवळ खिळे मारलेल्या सांध्यापेक्षा खाच पाडून तीत कुसू बसविलेला सांधा दीर्घकाळ टिकतो. लाकूड थेट घ्यावयाचे असल्यास वनखात्याच्या वा वनविकास महामंडळाच्या आगारातील लिलावात घ्यावे आणि वाहतुकीचा परवाना जपून ठेवावा. बेकायदा तोडीचे लाकूड स्वस्त पडले, तरी त्याची खरी किंमत वनास मोजावी लागते.

या वनांत राहणाऱ्या गोंड, माडिया इ. समाजांच्या वाट्याला या संपत्तीतून काय येते, हा या विषयातील मर्माचा प्रश्न आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यातील गौण वनोपजात बांबूचा समावेश होतो, इमारती लाकडाचा होत नाही. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावास २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला व २०११ पासून तेथील ग्रामसभा बांबूच्या वाहतुकीचे परवाने स्वतः देऊ लागली. चंद्रपूरजवळ चिचपल्ली येथे बांबू संशोधन व प्रशिक्षण केंद्र असून तेथे बांबूच्या वस्तू बनविण्याचे शिक्षण दिले जाते. अभ्यागतांच्या खुर्च्या, मांडण्या व पडदेवजा भिंती यांसाठी बांबू उपयुक्त ठरतो. मेज सागाचे आणि इतर सामान बांबूचे, अशी विभागणी केल्यास शेकडो वर्षांच्या वृक्षांवरील भार हलका होतो व खरेदीच्या रकमेचा काही भाग वनातील गावांपर्यंत पोहोचू शकतो.